गिरणीच्या लिलावातल्या चार पोलादी खुर्च्या: रंग खरवडण्याआधी काय पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा सोलापुरातील एका कापड गिरणीच्या कार्यालयात नोकरीला होते. गिरणी बंद पडल्यावर झालेल्या लिलावातून त्यांनी चार पोलादी खुर्च्या घरी आणल्या आणि त्या गोदरेजच्या आहेत असे घरात कायम सांगितले जाते. दोन खुर्च्यांना वेताचे आसन आहे, ते फाटले आहे. दोन खुर्च्यांचे आसन पत्र्याचे आहे. चारही खुर्च्यांवर ब्रशने मारलेला जाड तपकिरी तैलरंग आहे आणि पायांना खालून गंज लागला आहे. औद्योगिक वसाहतीतील एका पावडर कोटिंगवाल्याने (रंगाची कोरडी पूड फवारून ती भट्टीत पक्की करणाऱ्याने) त्या ॲसिडमध्ये बुडवून काळ्या रंगात नव्यासारख्या करून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करावे का, खुर्च्या खरोखर गोदरेजच्या आहेत का आणि त्या किती जुन्या असाव्यात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी सोलापुरातच जुन्या पोलादी फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करतो आणि असा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. लोक बहुधा रंगापासून सुरुवात करतात, पण खरा प्रश्न रंगाचा नाही. खुर्ची पुन्हा मजबूत करता येते, गंजलेला पाय बदलता येतो, वेत नव्याने विणता येतो. मात्र कारखान्यातला मूळ रंग, त्याखालचा शिक्का, गिरणीने घातलेला क्रमांक या गोष्टी एकदा ॲसिडच्या टाकीत गेल्या की परत आणता येत नाहीत. म्हणून परत न येणाऱ्या गोष्टींचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. आपल्या खुर्च्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे पुढचे बरेचसे त्यांच्या प्रत्यक्ष अवस्थेवर अवलंबून राहील. ते कुठे आणि कसे, हेही सांगत जातो.

आधी निर्मात्याचे पाहू. घरातल्या सांगण्याला मान द्यावा, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडे कोणत्याही लोखंडी कपाटाला लोक सरसकट गोदरेज म्हणतात, आणि खुर्च्यांचेही तसेच होते. त्या काळात पुण्या-मुंबईतल्या लहान कारखान्यांनी अशा खुर्च्या बनवल्या, स्थानिक वेल्डरांनी त्यांच्या नकला केल्या, आणि सोलापूरच्या बाबतीत आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. निझाम सरकार आणि अल्लादीन कंपनी यांच्या भागीदारीतून १९४२ मध्ये हैदराबादला उभी राहिलेली हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स ही कंपनी पोलादी फर्निचर बनवत असे, आणि हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. त्यामुळे सोलापुरातल्या जुन्या कार्यालयातली खुर्ची मुंबईचीच असणार असे गृहीत धरू नका.

शोध कसा घ्यावा? खुर्ची उलटी करून अंधाऱ्या खोलीत ठेवा आणि विजेरीचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरून हळूहळू फिरवा. आसनाच्या पुढच्या कडेची खालची बाजू, पाठीच्या पत्र्याची मागची बाजू आणि मागच्या दोन पायांना जोडणारी आडवी नळी या तीन ठिकाणी निर्मात्याची खूण असण्याची शक्यता जास्त. पत्र्यात ठोकलेली अक्षरे असतील, तर जाड तैलरंगाखालूनही अशा तिरप्या प्रकाशात त्यांच्या सावल्या दिसतात. रिव्हेट मारलेली छोटी पाटी असेल तर तिचे चार उंचवटे हाताला लागतात. मात्र काही वेळा खूण रंगावर छापलेली किंवा चिकटवलेली असते आणि ती रंग काढण्याच्या रसायनाने क्षणात विरघळते. म्हणून या तीन जागांवर प्रकाशाने नीट पाहून होईपर्यंत रसायन लावू नका. पाटी सापडली तरी ती कारखान्याची आहे की विक्रेत्याची, हे वाचून घ्या, कारण फर्निचर विकणारे व्यापारीही आपली पाटी लावत असत.

पाटीवरचा मजकूर काळ सांगतो. गोदरेज अँड बॉईस ही कंपनी मर्यादित कंपनी म्हणून १९३२ मध्ये नोंदली गेली. कोणत्याही कंपनीच्या नावात "प्रायव्हेट" हा शब्द असेल, तर वस्तू बहुधा १९५६ च्या कंपनी कायद्यानंतरची, कारण खासगी कंपन्यांना तो शब्द नावात लावणे त्या कायद्याने बंधनकारक झाले. गोदरेजच्या पत्त्यात मुंबईतले लालबाग, म्हणजे आधीच्या कारखान्याची जागा, असेल तर वस्तू जुनी, विक्रोळी असेल तर त्यानंतरची. सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. इंग्रजी पाटीवर बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर ती १९९५ नंतरची. पाटी नसेल तर स्क्रूंकडे पाहा. आपल्या देशात मेट्रिक मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. आठ मिलिमीटरचा नट जुन्या बोल्टवर एक-दोन आटे जाऊन अडकत असेल, तर तो पाच-सोळांश इंचाचा बोल्ट असण्याची शक्यता मोठी आहे. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, कारण इंची बोल्ट बाजारात पुढेही बराच काळ मिळत राहिले. पण इतर खुणांना तो बळ देतो.

गोदरेजचा इतिहास इथे नुसत्या आवडीपोटी सांगत नाही. त्या खुर्च्या जशा बांधल्या गेल्या तशा का बांधल्या गेल्या, हे त्यातून कळते. आर्देशिर गोदरेज मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी ७ मे १८९७ रोजी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. धाकटे बंधू पिरोजशा पुढे त्यांच्यासोबत आले. कुलपांवरून ते तिजोऱ्यांकडे वळले; पहिली तिजोरी १९०२ ची. तिजोऱ्यांनंतर १९२३ मध्ये पोलादी कपाट आले आणि त्याच वाटेने कार्यालयीन फर्निचर. म्हणजे हे लोक सुतारकामातून खुर्चीकडे आलेले नाहीत, ते कुलूप आणि तिजोरीतून आलेले आहेत. पत्रा अचूक वाकवणे, कडा आत दुमडून घेणे, सांधा मागच्या बाजूला लपवणे, वेल्डिंगची रेघ घासून सपाट करणे ही तिजोरी आणि कपाटाची कारागिरी चांगल्या जुन्या पोलादी खुर्चीत जशीच्या तशी दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आगीत सापडलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतील चीजवस्तू सुरक्षित राहिल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. विक्रोळीची जमीन १९४३ मध्ये घेतली गेली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तिथेच तयार झाल्या आणि १९५५ मध्ये तिथलाच टंकलेखन यंत्रांचा कारखाना सुरू झाला. कपाट, टेबल, खुर्ची आणि टाइपरायटर एकाच कंपनीचे असलेले सरकारी किंवा गिरणीचे कार्यालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आपल्या आजोबांच्या खुर्च्या कुठल्या जगातून आल्या हे वेगळे सांगावे लागणार नाही.

नळीच्या खुर्चीची मूळ कल्पना मात्र युरोपातली. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५-२६ च्या सुमारास जर्मनीतील बाउहाउस संस्थेत सायकलच्या हँडलवरून सुचलेली वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची केली. आपल्याकडच्या हवेला आणि दिवसभर बसून करण्याच्या कामाला सोयीची अशी वेताची जाळी नळीच्या सांगाड्यात बसवणे, हे मला त्या कल्पनेचे सर्वांत चांगले रूप वाटते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेक्झिनच्या गादीवर आणि वेताच्या जाळीवर बसण्यात किती फरक असतो हे आपल्याला माहीत आहेच.

आता प्रत्यक्ष खुर्चीकडे येऊ. आपल्याकडची हवा कोरडी आहे, पाऊसही बेताचाच, त्यामुळे सोलापुरातल्या खुर्च्या कोकणातल्या खुर्च्यांसारख्या सगळीकडून गंजत नाहीत. इथला गंज खालून येतो. फरशी पुसायचे पाणी पायाच्या रबरी बुटात शिरते आणि तिथेच राहते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर गंज आणखी वेगाने धरतो. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ठेवलेल्या खुर्च्यांचेही असेच होते. बूट ओढून काढा. तो सहज निघत नसेल तर पात्याने उभा चिरून काढा, पिळू नका, कारण गंजलेल्या नळीची कड त्यासोबत तुटून येते. आत ओला, तांबडा, मातीसारखा भुगा सापडेल. तो कोरून काढा आणि नळीवर वरून खाली छोट्या हातोडीने हलकेच टिचक्या मारत या. चांगल्या नळीचा आवाज खणखणीत येतो. जिथे तो बद्द होतो, तिथपर्यंत नळी आतून गेलेली आहे असे समजा. त्या जागी टोकदार आरी दाबून पाहा. आरी आत रुतली तर तेवढा तुकडा बदलावा लागेल.

अशा खुर्च्यांत मला बहुधा एक इंच व्यासाची, सोळा किंवा अठरा गेजची (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचे माप) नळी आढळते. नळी सोळा गेजची असेल, तर पाऊण इंचापेक्षा एक पायरी जाड, म्हणजे सात-अष्टमांश इंची नळी आतून जवळजवळ घट्ट बसते. नळीच्या आतल्या बाजूला जोडाची उंच रेघ असते, तिच्यासाठी थोडी कानस मारावी लागते. गंजलेला भाग सरळ कापून, आत ही गुल्ली ठोकून, खाली त्याच मापाचा नवा तुकडा लावून जोडला की पाय मूळच्याइतका भक्कम होतो आणि सांधा घासल्यावर दिसत नाही. एकच पाय खराब असला तरी चारही पायांची उंची सपाट फरशीवर मोजून मगच कापा. जोडकामाविषयी एक सूचना महत्त्वाची आहे. जुन्या सांध्यांवरचा रंग थोडा खरवडून पाहा. आत पिवळसर धातू दिसला तर तो सांधा पितळेच्या झाळीचा, म्हणजे पितळ वितळवून जोडलेला, आहे. त्यावर विजेचे वेल्डिंग मारले तर पितळ वेल्डमध्ये मिसळते आणि सांधा काही काळाने तडकतो. अशा सांध्यावर पुन्हा गॅसने पितळेचीच झाळ द्यावी. सांधा पोलादी वेल्डिंगचा असेल तरी पातळ नळीवर जाड वेल्डिंग रॉड वापरणाऱ्याला काम देऊ नका. नळीला भोक पडते आणि मग ते बुजवण्यासाठी लांबीचे (पुट्टीचे) थर चढतात.

पावडर कोटिंगविषयी माझे मत स्पष्ट आहे. पद्धत म्हणून ती चांगली आहे. नव्या वस्तूंसाठी आणि मूळ रंग पूर्ण गेलेल्या जुन्या सांगाड्यांसाठी मी स्वतः ती सुचवतो. पण दुमडलेल्या कडांची जुनी खुर्ची ॲसिडच्या टाकीत घालायला मी तयार होत नाही. पत्र्याच्या दुमडीत, नळीच्या आत, रिव्हेटखाली ॲसिड शिरते. नंतरच्या पाण्याच्या टाकीत ते पूर्ण धुतले जात नाही. वरून रंग सुरेख बसतो आणि काही महिन्यांनी प्रत्येक दुमडीतून तांबडी रेघ बाहेर येते. दुसरे असे की कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंश सेल्सियसवर चालते. एखाद्या जुन्या दुरुस्तीत कथिल-शिशाच्या डागाने (सोल्डरने) खड्डा भरला असेल तर तो तिथे वितळतो, आणि पॉलिएस्टरची लांबी असेल तर ती फुगते. तिसरे, मूळ भट्टीतला रंग पातळ असतो, तर पावडरचा थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा. त्यामुळे ठोकलेल्या अक्षरांच्या आणि दुमडलेल्या कडांच्या धारदार रेषा बुजून जातात. आपण तिथेच काम देणार असाल, तर ॲसिडऐवजी हाताने किंवा रसायनाने रंग काढून द्या, सांधे आणि दुमडी आधी पूर्ण कोरड्या करा, रबर, पाट्या व वेताची लाकडी चौकट काढून घ्या, आणि वाळूचा मारा पत्र्याच्या आसनावर करू देऊ नका, कारण वाळूच्या ठोक्यांनी पातळ पत्रा ताणला जाऊन पोटासारखा फुगतो.

पण त्याआधी मूळ रंग खाली शिल्लक आहे का, ते पाहा. आसनाच्या खालच्या बाजूला, पाटीपासून दूर, रुपयाएवढी जागा निवडा. चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तिथे गोलाकार फिरवा. मधे जास्त आणि कडेला कमी घासले की रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. बाहेर तपकिरी तैलरंग, त्याच्या आत कदाचित आणखी एखादा तैलरंग, मग राखी किंवा हिरवट राखी असा घट्ट, गुळगुळीत थर, त्याखाली प्रायमर आणि मधोमध पोलाद. तो घट्ट थर दिसला तर आपले नशीब चांगले. कारखान्यात हा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे नंतर ब्रशने मारलेल्या तैलरंगापेक्षा तो थिनरला कमी दाद देतो. थिनरमध्ये भिजवलेला बोळा वरच्या रंगावर थोडा वेळ ठेवला की तैलरंग सुरकुततो आणि लाकडी पट्टीने खरवडून निघतो, खालचा थर बव्हंशी राहतो. काम संथ आहे, दोन्ही दारे उघडी ठेवून आणि हातमोजे घालूनच करावे. पण यातून निघणारी खुर्ची कोणत्याही नव्या रंगापेक्षा मला मोलाची वाटते. मूळ थर निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर त्याला नवा रंग देऊ नका. उघड्या पोलादाच्या जागा टॅनिक आम्लावर आधारित गंजरोधकाने काळ्या करून घ्या, हव्या तर तेवढ्याच जागी जुळता रंग लावा आणि सगळीकडे मेणाचा पातळ हात द्या.

इथे सुरक्षिततेविषयी गंभीरपणे सांगावेसे वाटते. त्या काळच्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे असून ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणून जुना रंग ग्राइंडरने किंवा कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, ज्योतीने जाळू तर मुळीच नका. ओले घासा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला गाळ पिशवीत बांधून वेगळा ठेवा, साध्या कापडी मास्कऐवजी धूळ रोखणारा चांगला मास्क लावा आणि लहान मुले किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर हे काम घरात करूच नका.

तैलरंग काढताना कदाचित आपल्याला पाठीमागे किंवा आसनाखाली पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेली अक्षरे आणि आकडे सापडतील. गिरण्या आणि कार्यालये आपल्या सामानावर खात्याचे आद्याक्षर आणि नोंदवहीतला क्रमांक असे लिहीत. पुष्कळ लोक तो डाग समजून पुसतात. माझ्या मते निर्मात्याच्या शिक्क्याइतकाच तो महत्त्वाचा आहे, आपल्या बाबतीत तर अधिकच, कारण खुर्ची गिरणीच्या कुठल्या खात्यात होती, हे सांगणारा दुसरा पुरावा आता बहुधा उरलेला नसेल. दिसताच पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या आणि त्या जागेवर काम थांबवा.

वेताच्या दोन खुर्च्यांचे काम सर्वांत शेवटी करा, कारण रंग आणि थिनर वेताला लागला की त्याचा डाग जात नाही. जुन्या विणीचा एक अखंड कोपरा कापून जपून ठेवा. विणणाऱ्याला सहापदरी जाळीचा मूळ नमुना, वेताची रुंदी आणि भोकांमधले अंतर त्यावरून कळेल. काही कारागीर प्लास्टिकचा वेत सुचवतील. रोजच्या वापरासाठी तो टिकाऊ आहे, पण घाम शोषत नाही आणि भर उन्हाळ्यात चिकटतो. खऱ्या वेताला आपल्या कोरड्या हवेचा त्रास होतो. तो कडक होऊन बसल्याबरोबर तुटतो. त्यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात अधूनमधून आसनाला खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसणे. वरच्या बाजूला वेताची चकचकीत साल असते, ती पाणी घेत नाही. खालची बाजू घेते. म्हणून खालच्या बाजूला वॉर्निश लावू देऊ नका.

माझ्याकडे या चार खुर्च्या आल्या असत्या तर मी चौघींना एकसारखे वागवले नसते. शिक्का किंवा गिरणीचा क्रमांक असलेली, मूळ रंग सर्वांत जास्त टिकलेली एक खुर्ची फक्त स्वच्छ करून, गंज थांबवून ठेवली असती. वेताच्या दोन पुन्हा विणून घरात रोज वापरायला काढल्या असत्या. चौथी, जिचा रंग पूर्ण गेला असेल, ती हवी तर पावडर कोटिंगला, वर सांगितलेल्या काळजीने. निर्मात्याविषयी शंका उरली, तर विक्रोळीला गोदरेजचे स्वतःचे अभिलेखागार आहे. पाटी, सांधे आणि आसनाखालची बाजू यांची स्वच्छ छायाचित्रे मोजमापांसह त्यांच्याकडे पाठवून विचारता येईल. खुर्च्या विकण्याचा विचार असेल, तर हे उत्तर येईपर्यंत आणि तपकिरी रंगाखाली काय आहे ते दिसेपर्यंत कोणालाही किंमत सांगू नका.

आज करण्यासारखे काम एकच आहे. चारही खुर्च्यांचे रबरी बूट काढा, नळ्या आतून कोरड्या करा, तेलाचे दोन-चार थेंब आत सोडा, खुर्च्या फरशी पुसण्याच्या वाटेतून उचलून लाकडी फळीवर ठेवा आणि पावडर कोटिंगवाल्याला थोडे थांबायला सांगा.